शेळ्यांच्या जागी ससे

"अहो, जरा हे पुसून घ्या."

वैशाली मॅडमनी माझ्यापुढं फडकं धरलं. निळं, ओलं, नीट घडी घातलेलं. पाचवीचा वर्ग सतरंजीवर बसलेला. दारात माझी तिसरीची पोरं दाटीनं हुबी. भिंतीवर तो मोठा टच बोर्ड, अन् बोर्डाच्या मधोमध एका बोटाचा डाग. बोट पूनमचं. पूनम माझ्या वर्गातली, वस्तीवरची, शेळ्या राखणाऱ्या घरातली. मी वायर बघायला आत गेले तर माझ्या मागं मागं आली अन् चालू बोर्डावर बोट टेकवून मोकळी झाली. बोटाखाली पिवळा गोल उमटला. ती हसली. तेवढंच झालं.

मॅडम तिला काही बोलल्या न्हाईत. ते लेकरू. बोलायचं ते मला. "हात बघा यांचे आधी. स्क्रीन खराब होते," म्हणल्या. अन् फडकं.

मी पुसलं.

पाचवीची पोरं बघत होती. तिसरीची बघत होती. मी डीएड झालेली, सरकारी नोकरीतली, मॅडमपेक्षा वयानं अन् नोकरीनं मोठी बाई. माझ्या पोरीच्या बोटाचा डाग मी माझ्याच हातानं पुसला, फडक्याची घडी घातली, टेबलावर ठेवलं. पूनमनं बोट झग्यात लपवलं. 

'अहो, जरा' हे माझं नाव. शाळेत बाकी सगळे सर, मॅडम, गुरुजी. खिचडी शिजवणाऱ्या बाईंना पण मावशी. मला वैशाली मॅडमनी कधी नावानं हाक मारली न्हाय, आडनावानं न्हाय, मॅडम म्हणून तर न्हायच. अहो, जरा वायर बघा. अहो, जरा नेट द्या. माझं आडनाव घेतलं तर तोंड विटाळत आसंल, कोण जाणे. तशा त्या वागायला गोड. डब्यातली चटणी पुढं करायच्या, पण वरनं वाढायच्या, चमचा माझ्या डब्याला लागू द्यायच्या न्हाईत. हे दिसायला बारीक असतं. ज्याला लागतं त्याला लागतं.

मला प्रमाण भाषा येती. वर्गात मी ती शिकवती, कागदावर नीट लिहिती. ही गोष्ट मात्र मी त्या भाषेत सांगणार न्हाय. का ते पुढं कळंल.

आमची शाळा माकणीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला. ज्यांची ऐपत हाय त्यांची पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेला जात्यात, उरलेली आमच्याकडं. बोर्ड आला तो लोकवर्गणीतनं. गावानं दिलं, वस्तीनं पण दिलं. त्या साली वस्तीवर जयंतीची मिरवणूक डीजेशिवाय निघाली, नुसत्या हलगीवर, अन् वाचलं ते सगळं शाळेला दिलं. तरणी पोरं कुरकुरली, पण म्हातारी माणसं म्हणली, आपली लेकरं शिकायलीत, नाचायला पुढल्या साली नाचा. बोर्ड आला. हार घातला, नारळ फुटला, कडेला कुंकवानं स्वस्तिक काढलं. सरपंचांनी बोट लावलं, मग मॅडमनी. वायरी मी जोडल्या होत्या, पण फोटोत मी न्हाय. मी खाली वाकून प्लग धरला होता, ढिला होता म्हणून.

बोर्ड बसला पाचवीच्या खोलीत. शिष्यवृत्तीचा वर्ग, म्हणून. खोलीची चावी मॅडमच्या पर्समधी. बैठकीत ठरलं होतं, सगळ्या वर्गांना पाळीपाळीनं मिळंल. तिसरीची पाळी काही आली न्हाय. मी हेडसरांना विचारलं की ते म्हणायचे, तुमची पोरं बारकी हायत अजून, धीर धरा. हेडसर माणूस वाईट न्हाय. रिटायरमेंटला आलेला, कुणाशी वाकडं नको असलेला. मॅडमचे मालक तालुक्यात वजनदार, जमीनदार, दोन पक्षांत ऊठबस. हेडसरांना धीर धरायला लई जमतं.

अन् गंमत बघा. त्या बोर्डाला नेट माझ्या फोनचं. शाळेत नेट न्हाय. पाचवीच्या खोलीत मॅडमच्या फोनला रेंज यायची न्हाय, माझ्या फोनला यायची. मग रोज सकाळी हॉटस्पॉट चालू करायचा अन् फोन त्यांच्या खिडकीत ठेवून यायचा. माझा फोन त्यांच्या खिडकीत, अन् मी माझ्या वर्गात पत्र्याखाली खडू अन् फळा. भिंतीपलीकडनं गाणी ऐकू यायची, टाळ्या ऐकू यायच्या, पाचवीची पोरं खिदळायची. माझी पोरं वहीत मान घालून, कान तिकडं. पूनम तर अर्धी खिडकीकडंच वळलेली असायची. मी तिला 'इकडं बघ' म्हणायची, अन् माझंच लक्ष तिकडं.

मी जळायची. सरळ सांगते. मला त्यांच्या बोर्डाचा मत्सर वाटायचा, त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा वाटायचा, इस्त्रीच्या सुती साडीचा वाटायचा. त्या चुकल्या तर हसायच्या, "अय्या, चुकलंच माझं," अन् पोरं पण हसायची. मी चुकले तर? माझ्या चुकीला लगेच आरक्षण चिकटतं. म्हणून मी पाठ टाचण काढून, दोनदा बघून वर्गात जायची. त्यांना चुकायची मुभा होती, त्या मुभेचा मला सगळ्यात जास्त हेवा. अन् वाईट याचं की त्या वाईट शिकवत न्हाईत. वाईट शिकवत असत्या तर मी मनात शिव्या देऊन मोकळी झाले असते. बाई चांगलं शिकवती, चांगलं बोलती, पोरं जीव लावत्यात. त्यानं जास्त सलायचं.

हे जळणं जुनं हाय. उमरग्याच्या बाजूला माझं माहेर. आमच्या हायस्कूलला कॉम्प्युटर आले तवा मी आठवीत. खोलीला पडदे, कॉम्प्युटरवर शिवलेले झगे, चपला बाहेर. खेळायला मिळायचं ते ठरलेल्या पोरींना. पडद्यावर वरनं अक्षरं पडायची अन् ती टाईप करून फोडायची, असला एक खेळ होता. पाटलाची पोर फोडायची, आम्ही मागं हुब्या राहून 'म फोड, क फोड' म्हणायचो. त्या कॉम्प्युटरला माझा हात पहिल्यांदा लागला तो खंडेनवमीला. पूजा झाली, हळदकुंकू सांडलं, झेंडूच्या पाकळ्या बटनात अडकल्या. तवा सर म्हणले, ए, तू ये, पुसून घे. मी एकेक बटन पुसलं. 'म' पुसला, 'क' पुसला. हळू पुसलं, तेवढाच हात लागतोय म्हणून. मला तवा आनंद झाला होता, हे आता आठवलं की अंगाची लाही होती.

तर मी खेळ शिकले. कुणी शिकवला न्हाय. नेटवर अशा जागा असत्यात, तिथं फुकट खेळ बनवता येतो. चित्रं आपली घालायची, प्रश्न आपले, आवाज आपला. माझ्या पोरांना पाढे येत न्हवते. भागाकार म्हणलं की रडायची. मी म्हणलं, यांना येतं काय? शेळ्या येत्यात. आमच्याकडच्या काळ्या शेळ्या, लांब कानाच्या. दिवस मावळला की वस्तीवर सगळी पोरं शेळ्या कोंडायला. मग मी शेळ्या कोंडायचा खेळ केला. गणित बरोबर आलं की शेळी खोपीत. चुकलं की शेळी बांधाकडं पळाली. शेळीचं चित्र पोरांनी काढलं, त्याचा मी फोटो घेतला. शेळीचं ओरडणं पूनमच्या राणीचं. राणी म्हणजे तिची शेळी. ती फोनपुढं ओरडंना, मग पूनमनं तिचं करडू लांब नेलं, तवा बेंबटली.

आवाज पण पोरांचे. बरोबर आलं की सगळी एकदम, "घुसली रं घुसली!" अन् एखादा पोरगा लागोपाठ चुकत गेला, तर शेवटाला राणीचं बेंबटणं अन् पूनमचा आवाज. हे मी शिकवलेलं न्हाय. एक दिवस वर्गात एक पोरगं फळ्यापुढं चुकलं अन् रडाय लागलं, तर ही जागेवरनं म्हणली, "रडू नगं. शेळी कुठं जाती? पुन्ना बलीव." वस्तीवर शेळी चुकली की हेच म्हणत्यात. मी पंधरा ट्रेनिंगं केली असतील, चुकलेल्या लेकराला काय म्हणावं ते इतकं नीट कुणी सांगितलं न्हाय. ते वाक्य मी तिच्याकडनं पुन्हा म्हणवून घेतलं अन् खेळात घातलं.

माझ्या फोनवर पोरं पाळीनं खेळायची, मधल्या सुट्टीत, फोन खिडकीतनं परत आला की. दिवाळीच्या आत माझ्या वर्गाला भागाकार आला. खेळ होता म्हणून आला, शेळ्या होत्या म्हणून आला.

आता चूक कुठं झाली ते सांगते. आमच्या शाळांत एकच मेल असतो. शाळेच्या नावाचा मेल, सगळ्यांना पासवर्ड ठाऊक, हेडसरांच्या टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला. माहिती भरायची त्याच्यातनं, ट्रेनिंगची लिंक त्याच्यातनं, सगळं त्याच्यातनं. मी पण खेळ त्यातच बनवला. आपलं वेगळं खातं काढावं, त्यावर आपलं नाव घालावं, हे डोक्यात पण आलं न्हाय. आपलं नाव कशावर असावं याची सवयच न्हाय आम्हाला. मॅडमनी माझ्या पोरांना खेळताना पाह्यलं. म्हणल्या, "अहो, जरा मला पण दाखवा." मी कौतुकानं दाखवलं. वाटलं, आता म्हणतील, आणा तुमची पोरं बोर्डावर.

पुढच्या सोमवारी मी फोन ठेवायला गेले तर बोर्डावर ससे. पांढरे, गुबगुबीत, लाल डोळ्यांचे. खोपीच्या जागी इंग्रजी पुस्तकातलं असतं तसलं लाकडी घर. बाकी सगळं माझं. माझीच गणितं, माझाच बांध, माझ्याच बांधावरची बाभळ. ससा आत गेला की आवाज आला, "शाब्बास! उत्तर अचूक आहे." हा मॅडमच्या लेकीचा आवाज. ती उमरग्याला इंग्रजी शाळेत. मॅडम म्हणल्या, "तुमचं जरा नीट केलं. शेळ्या बऱ्या दिसत नव्हत्या. आणि भाषा शुद्ध हवी ना, अधिकारी बघतात." मी म्हणलं, बरं. 

माझी पोरं खिडकीला चिकटली होती. पूनमनं बराच वेळ बघितलं अन् मला विचारलं, "बाई, आमच्या शेळ्या कुठं गेल्या?"

मी तिला काय सांगू? शाळेच्या मेलमधी एकच खेळ होता. तो बदलला म्हणजे माझ्या फोनवर पण ससेच. मी तिथं हुबी राहिले न्हाय, खरं सांगायचं तर मी वर्गात येऊन पाढे म्हणून घेतले. जोरात.

मॅडमनी त्या सशांचा व्हिडिओ काढला. ग्रुपवर टाकला. अभिनंदन मॅडम, नवोपक्रमशील शिक्षिका, फुलांचे गुच्छ, टाळ्या. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या, सगळ्या शाळा त्या ग्रुपवर. मी पण हात जोडलेलं चित्र टाकलं, न टाकलं तर दिसतं म्हणून. मग रातभर अंग तापल्यावानी. आयत्या बिळावर नागोबा, अन् आम्ही त्याला दूध पाजायचं. रविवारी आईला फोन केला, सगळं सांगितलं. म्हणलं, आई, मी लई जळते गं, मला माझीच लाज वाटती. आई शाळेत गेलेली न्हाय. ती म्हणली, "जळायचंच हाय तर चुलीवानी जळ. कुनाची भाकर तरी भाजंल." अन् तिला शेजारीण बोलवाय लागली म्हणून फोन ठेवला.

मग शिक्षण परिषद आली. महिन्याला केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमत्यात, कुणीतरी नमुना पाठ घेतं, चहा होतो, सह्या होत्यात. या वेळी वैशाली मॅडमचा नमुना पाठ होता, विषय 'खेळातून गणित'. मोठे साहेब येणार होते, तालुक्याहून. मॅडमच्या सात-आठ पोरांना आठवडाभर तालीम. कुठल्या गणिताला कुणी उठायचं ते ठरलेलं. नमुना पाठात पोरगं चुकत नसतं. चुकणार असंल ते पोरगं आणतच न्हाईत. मला पण नेलं. गाडीत मागं. "अहो, जरा चला, तिथं पण रेंजचा प्रॉब्लेम आहे."

म्हणजे मी कशाला गेले? माझ्या खिशातलं नेट गेलं, त्याच्या मागं मी गेले.

हॉल भरलेला, भिंतीवर इथं पण टच बोर्ड. साहेब पुढं खुर्चीत, शाल पांघरलेली. मी शेवटच्या रांगेत, फोन मांडीवर. पाठ सुरू झाला. ससे पळाले, ससे आत गेले, शाब्बास, उत्तर अचूक आहे. टाळ्या. मॅडम सांगत होत्या की ही कल्पना त्यांना कशी सुचली. त्यांच्या लेकीला ससे आवडतात, त्यावरून सुचली. किती सहज सांगत होत्या. मी ऐकता ऐकता क्षणभर पटून घेतलं असतं, इतकं सहज. माझा अंगठा हॉटस्पॉटच्या बटनावर होता. नुसता दाबायचा. बोर्डावर गोल फिरत राह्यला असता, मॅडमच्या कपाळावर घाम, साहेबांनी घड्याळ बघितलं असतं. दाब, दाब म्हणत होतं पोट. पण मग लोक म्हणले असते, नेट गेलं, बिचाऱ्या मॅडम. माझं नाव तरी पण आलं नसतं. चोरासारखं दाबून मी काय मिळवणार होते? मी अंगठा काढला.

तेवढ्यात साहेब उठले. म्हणले, मी पण खेळून बघतो. हॉल हसला. मॅडम जरा दचकल्या, पण हसून बाजूला सरल्या. साहेबांनी चष्मा सारखा केला. गणित सोपं, पण वेळेचं बंधन. साहेबांचं बोट एकीकडं, नजर एकीकडं. चुकलं. ससा पळाला. पुन्हा चुकलं. पुन्हा पळाला. पुढं पुन्हा. मी खुर्चीच्या कडेला आले. मला तोवर ध्यानात आलं न्हवतं. मॅडमनी बरोबर उत्तराचे आवाज बदलले होते. लागोपाठ चुकल्यावर काय होतं हे त्यांना ठाऊकच न्हवतं, कारण त्यांच्या पाठात कुणी चुकत न्हाय.

पांढरा ससा बेंबटला. राणीचा आवाज, खणखणीत. अन् हॉलच्या दोन्ही स्पीकरमधनं पूनम बोलली, "रडू नगं. शेळी कुठं जाती? पुन्ना बलीव."

सगळा हॉल फुटला. हसून हसून माणसं शेजाऱ्याच्या पाठीवर थापा माराय लागली. ससा काय बेंबटतोय, साहेबाला काय रडू नगं म्हणतंय. साहेब पण हसत होते. म्हणले, "हे कोण बोललं मॅडम?" अन् मॅडमनी ओशाळून, कपाळावरचे केस मागं सारत सांगितलं, "सॉरी सर. ती वस्तीवरची भाषा आहे. काढायची राहिली."

काढायची राहिली.

मी कधी उठले ते आठवत न्हाय. फोन खाली पडला, त्याचा आवाज झाला, म्हणून माणसं वळली.  मी म्हणलं, "साहेब, ती पूनम हाय. माझ्या वर्गातली. ती भाषा काढायची न्हाय. हा खेळ माझा अन् माझ्या पोरांचा हाय. इथं आधी शेळ्या होत्या."

हसणं थांबलं. हेडसर पुढच्या रांगेतनं हातानं खुणवाय लागले, बसा, बसा, आपण शाळेत बोलू. मॅडमचं तोंड लाल झालं. त्या माझ्याकडं न बघता साहेबांना म्हणल्या, "काही लोकांच्या पोटात दुखतंच सर, काय करणार."

हे वाक्य मी लहानपणापासनं ऐकत आले. नोकरी लागली तवा ऐकलं, घरावर स्लॅब टाकला तवा ऐकलं, उलटं ऐकलं, सुलटं ऐकलं. आमच्याकडनं काही काढून घेतलं अन् आम्ही बोललो, की आमच्या पोटात दुखतं. मग माणूस खाली बसतो. न्हाय न्हाय, माझ्या मनात तसलं काही न्हाय, म्हणतो. मी पण तेच म्हणणार होते, सवयीनं.

"व्हय मॅडम," मी म्हणलं, "दुखतंय. माझ्या पोटात दुखतंय. तुमच्या खोलीतल्या बोर्डाचं दुखतंय. तुमच्या पर्समधल्या चावीचं दुखतंय. वस्तीनं मिरवणूक साधी काढून वर्गणी दिली, अन् वस्तीच्या लेकरानं बोट लावलं तर तुम्ही माझ्या हातात फडकं दिलं, त्याचं लई दुखतंय."

 मग साहेबांनी शाल सावरली. चांगला माणूस, तोडगा काढणारा. म्हणले, अहो बाई, हे तर टीमवर्क झालं, तांत्रिक बाजू तुमची, सादरीकरण मॅडमचं, जिल्ह्याला हा पाठ दाखवायला दोघी मिळून जा, पडद्यामागच्या कलाकाराला पण मान असतोच की. हॉलनं माना हलवल्या. माझ्या ओळखीतले, माझ्या समाजातले दोन-तीन सर होते, ते पण माना हलवत होते, डोळ्यांनी मला सांगत होते, घे बाई, एवढं घे. मी म्हणलं, "न्हाय साहेब. मी पडद्यामागं जाणार न्हाय. जिल्ह्याला कुणी पण जावा. मला माझ्या वर्गाची बोर्डावरची पाळी पायजे. सोमवारी." तवर चहा आला. चहा आला की परिषद संपती.

माझा फोन मी उचलला अन् हॉटस्पॉट बंद केला. सगळ्यांदेखत. परत येताना गाडीत मला जागा न्हवती, मी बसनं आले.

सोमवारी म्हणे चावी घरी राहिली होती. मंगळवारी बोर्ड अपडेटला लावला होता. मी माझा फोन माझ्या वर्गात ठेवला, खिडकीत ठेवला न्हाय. पाचवीच्या बोर्डावर गोल फिरत राह्यला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. पण आठवडा झाला न्हाय तोवर मॅडमच्या मालकांनी डोंगल आणून दिलं. हेडसरांच्या काचेखालचा पासवर्ड पण निघून गेला, नवा मला कुणी सांगितला न्हाय. खेळ गेला. हेडसर मला एकटीला बोलवून म्हणले, माफी मागून टाका, माझी दोन वर्षं राहिल्यात, सुखानं जाऊ द्या. मी म्हणलं, सर, माझ्या पोरांची तिसरी पण एकदाच असती.

मी माझ्या नावाचं खातं काढलं. माझं पूर्ण नाव, आडनावासकट, मराठीत. पोरांनी पुन्हा शेळ्या काढल्या, या वेळी मोठ्या. राणी पुन्हा बेंबटली. ज्यानं त्यानं आपल्या शेळीखाली आपलं नाव घातलं. पूनमनं तिचं वाक्य पुन्हा म्हणलं, तसंच, तिच्या भाषेत. माझ्या भाषेत. म्हणून ही सगळी गोष्ट मी हिच्यात सांगितली.

अन् मी माझा वर्ग रोज पाचवीच्या दारापुढं, व्हरांड्यात बसवाय लागले. सतरंजी तिथंच. पाढे तिथंच. येणारा जाणारा बघायचा. शाळा समितीतल्या एका बाईनं विचारलं, पोरं उन्हात कशाला? मी म्हणलं, पाळीला बसल्यात. ती बाई वस्तीवरची न्हवती, गावातली होती, पण तिचा नातू माझ्या वर्गात. तिनं हेडसरांना विचारलं, मग आणखी दोघांनी विचारलं. हेडसरांचा धीर संपला. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर पाचवी मैदानावर गेली, तवा त्यांनी खोलीचं दार उघडं ठेवलं, मला सांगितलं न्हाय, नुसतं उघडं ठेवलं.

मी पोरं घेऊन आत गेले. शेळ्या बोर्डावर आल्या, काळ्या, एकेक एवढाली. पूनम पुढं गेली. बोट लावायच्या आधी तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं, फडकं हाय का ते बघत होती. मग तिनं एक बोट न्हाय, पंजाच टेकवला. गणित चुकलं. शेळी पळाली. पोरं ओरडली, बलीव, पुन्ना बलीव.

वैशाली मॅडम दारात आल्या. बोर्डाकडं बघितलं. सगळीकडं बोटं उठलेली, चिंचेच्या, खिचडीच्या, मातीच्या हातांची. त्यांनी टेबलावरचं निळं फडकं उचललं अन् माझ्यापुढं धरलं. "अहो, जरा."

मी हात मागं घेतला. म्हणलं, "मला नाव हाय मॅडम. अन् ही बोटं पुसायची न्हाईत."

फडकं त्यांच्या हातातच राह्यलं. दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप होतं. माझ्या बदलीचं बोलणं चाललंय असं ऐकते. करू द्या बदली. जिथं टाकतील तिथं एक बोर्ड असंल, एक चावी असंल, अन् दारात हुबी राहिलेली पोरं असतील. मी तिथं पण माझं पोट दुखवून घेणार. तोवर सतरंजी व्हरांड्यात हाय. उद्या सकाळी पण त्या कुलपापुढं बसणार हाय आम्ही, अन् कुणाच्या बी बोटाचा डाग ह्या हातानं परत पुसला जाणार न्हाय.